गळक्या कळशीचा दिवा, जात्याच्या दगडावर

मोडीच्या दुकानात तांब्याची जुनी कळशी वजनावर मिळते. बूड गळके असले तर उत्तम, कारण ते आपण कापूनच टाकणार आहोत. पोचे फार असतील तर आधी तांबटाकडून काढून घ्या. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून भांडे घडवण्याचे काम, अजून चालते. कळशीवर कुणाचे नाव कोरलेले असेल तर तेवढी जागा भोके न पाडता सोडा आणि दिव्याची दर्शनी बाजू तीच ठेवा. आतून कल्हई असेल तर खरवडू नका, तिच्यावरून उजेड छान परततो.

बैठकीला जात्याचा वरचा दगड घ्या. तो जड असतो आणि घास घालायचे तोंड मधोमध तयारच असते. दगडाला ड्रिल लावायची गरज नाही.

नक्षीसाठी रांगोळीचा ठिपक्यांचा कागद वापरा. कळशीचा पोटाळा गोल असल्याने अख्खा कागद बसत नाही, चुण्या पडतात. त्याच्या उभ्या पट्ट्या कापून चिकटवा. कळशीत ओली वाळू ठासून तोंडाला फडका कोंबा आणि ती पोत्यावर आडवी ठेवा, म्हणजे ठोका बसला तरी पत्रा आत जाणार नाही. प्रत्येक ठिपक्यावर पंचाने हलकी खूण करा, नाहीतर ड्रिलचे टोक घसरते. तांबे मऊ असल्याने ते पात्याला चिकटते आणि पाते अडकते. म्हणून वेग कमी, थेंबभर तेल, आधी २ मिमीचे भोक आणि मग हवे तिथे ३ किंवा ४ मिमीचे. याहून मोठी भोके डोळ्यांच्या पातळीवर नकोत, त्यातून बल्ब टोचतो.

सगळी भोके एका दमात पाडू नका. हातभर नक्षी झाली की वाळू काढा, अंधार करा आणि आत बल्ब सोडून भिंतीकडे बघा. दुधी बल्बने ठिपके विरघळतात. पारदर्शक काचेच्या फिलामेंट एलईडीने ते कोरीव दिसतात. मला दुसरा प्रकार आवडतो. ५ ते ७ वॅटचा, २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब पुरतो.

नक्षी पुरी झाली की बुडावर साधारण १० सेंमीचे वर्तुळ आखा, रेघेवर भोकांची माळ पाडून पत्र्याच्या कात्रीने कापा आणि कड कानशीने मारा. उष्णता इथून बाहेर जाईल, बल्बही इथूनच बदलता येईल. हातमोजे घाला, तांब्याची ताजी कड चाकूसारखी लागते.

आता जोडणी. कळशी दगडावर पालथी ठेवा. तोंडापेक्षा किंचित लांब लोखंडी पट्टी कापलेल्या बाजूने तिरकी आत सोडून गळ्यावर आडवी टेकवा. पट्टीच्या मधल्या भोकातून आटे असलेली पोकळ नळी दगडाच्या तोंडातून खाली न्या, खाली दुसरी पट्टी लावून नट आवळा. कळशी दगडाला घट्ट बसते आणि तिला एकही जोडभोक पाडावे लागत नाही. नळीच्या वरच्या टोकाला होल्डर. दगडाखाली रबरी बुचांचे तीन पाय लावा, वायर त्या फटीतून बाहेर काढा.

वायर तीन तारांचीच हवी. लाल आणि काळी होल्डरला, हिरवी, म्हणजे अर्थिंगची, लोखंडी पट्टीला बोल्टने. पट्टी जिथे तांब्याला टेकते तिथला गंज आणि रंग घासून काढा. नळीच्या दोन्ही टोकांना रबरी बूश बसवा, नाहीतर धार वायर कापते. प्लग तीन पिनांचाच. प्लगची जाड पिन (अर्थिंगची) आणि कळशी यांच्यात मल्टिमीटर, म्हणजे जोड सलग आहे का ते बीप वाजवून सांगणारे यंत्र, वाजला पाहिजे. वाजला नाही तर दिवा लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

चिंच आणि मीठ लावून घासायचे असेल तर वायर ओढण्याआधीच घासा आणि नीट वाळवा. माझे मत विचाराल तर काळपटपणा राहू द्या. लखलखीत तांब्यावर बोटांचे ठसे दोन दिवसांत उठतात.

दिवा भिंतीपासून दीड-दोन फूट ठेवून बघा. अंतर वाढवले की ठिपके मोठे आणि फिके होतात.