उतारवयातल्या मिनिएचर घोडीचं आणखी एक वेत घेताय? या चुका टाळा

“अण्णा, मागल्या खेपेला एका उडीत लागली की! आणखी एक वेत घेऊ म्हणतोय.”

माघातल्या एका सकाळी वाईजवळच्या माझ्या तबेल्यासमोर टेम्पोतून आपली बत्तीस इंची मिनिएचर, म्हणजे अगदी बुटक्या जातीची, घोडी उतरवत एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले. वय विचारलं. “असंल बारा-तेरा.” मी तिचा ओठ वर केला. वरच्या पुढच्या दातांतल्या अगदी कडेच्या दातावर हिरडीपासून एक उभी तपकिरी खाच निघते. ती साधारण दहाव्या वर्षी दिसायला लागते, पंधराच्या सुमारास दाताच्या निम्म्यावर येते आणि विसाव्या वर्षी टोकाला पोचते. या घोडीची खाच निम्म्याच्या खाली उतरली होती. मिनिएचरच्या तोंडात दातांची दाटी असते, त्यामुळे हा हिशेब वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतो. पण ही बारा वर्षांची खास नव्हती. विकणाऱ्याने सांगितलेलं वय तसंच धरून चालणं ही बहुतेकांची पहिली चूक, आणि पुढचे सगळे हिशेब तिच्यावरच उभे राहतात.

दुसरी चूक त्यांच्या पहिल्याच वाक्यात होती. मागली खेप कधीची, तर पाच वर्षांपूर्वीची. एवढी वर्षं रिकामी राहिलेली उतारवयातली घोडी आणि दर दोन वर्षांनी विणारी घोडी यांना एका मापाने मोजता येत नाही. वयाबरोबर गर्भाशयाचं अस्तर चिवट होतं, त्यात गाठी-पाणफोड येतात आणि घोडा लावल्यावर आत साचलेलं पाणी बाहेर टाकायची ताकद कमी होते. घोडी माजावर वेळेवर येते, घोडा घेते, आणि तरी राहत नाही. मग लोक घोड्याला दोष देतात.

म्हणून घोडा शोधायच्या आधी डॉक्टर शोधा. सोनोग्राफी, गर्भाशयातल्या स्रावाची तपासणी आणि अस्तराचा छोटा तुकडा काढून बायोप्सी, एवढं झालं की चित्र बरंच स्पष्ट होतं. बायोप्सीत चार प्रती ठरवतात. पहिल्या प्रतीच्या घोडीला शिंगरू पूर्ण दिवस भरून होण्याची शक्यता ८० ते ९० टक्के, ‘दोन-अ’ला ५० ते ८०, ‘दोन-ब’ला १० ते ५०, आणि तिसरीला १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. मिनिएचरमध्ये अडचण अशी की मोठ्या माणसाचा हात गुदमार्गे आत जातच नाही, आणि जबरदस्ती केली तर आतडं फाटतं. लांब दांडीवर बसवलेला प्रोब आणि त्याची सवय असलेला डॉक्टर हवा. आपल्याकडे शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून बघावं. गावातला गाई-म्हशींचा डॉक्टर कितीही हुशार असला तरी हे काम त्याच्या गळ्यात घालू नका.

शेपटीखालचीही बाजू बघा. म्हाताऱ्या घोडीचा योनीमार्ग आत ओढला जातो, लेंडी त्यावरच पडते आणि चालताना आत हवा जाते. यावर वरच्या भागात टाके घालतात आणि ते उपयोगी पडतात. पण विण्याआधी दोन-चार आठवडे ते उघडायचे असतात, हे कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. अकरा महिन्यांत टाके कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, आणि विताना तिथेच फाटतं.

आता घोड्याचं. मिनिएचरमध्ये ठेंगूपणाचं जनुक लपून असू शकतं. घोडी आणि घोडा दोघेही वरून निरोगी दिसतात, पण दोघांकडे ते असेल तर शिंगरू वाकड्या पायांचं, फुगीर कपाळाचं होतं किंवा घोडी मधेच गाभडते. आयाळीच्या मुळासकट उपटलेल्या केसांवरून याची चाचणी होते. जुनी शिंगरं चांगली निघाली म्हणून नवीन घोड्याबरोबरही चांगलीच निघतील, असं धरू नका. ग्लँडर्सची, म्हणजे घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाची, तपासणी झाल्याशिवाय परका घोडा दारात घेऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

चिंगीचं आता सांगतो. माझीच घोडी, तीन वेतं सुखरूप झालेली. चार वर्षं रिकामी ठेवून अठराव्या वर्षी मी तिला फळवली. दोन माज वाया गेले, तिसऱ्याला राहिली. सोळाव्या दिवशी स्कॅन केलं, जुळी नाहीत याची खात्री केली, महिन्याने हृदयाचे ठोकेही पाहिले. तिथवर मी अगदी पुस्तकी मालक होतो. त्यानंतर मात्र ‘दोन जिवांची आहे’ म्हणत चंदी वाढवत गेलो. पोटातलं शिंगरू खरं वाढतं शेवटच्या तीन महिन्यांत. त्याआधीच्या जादा खुराकाची चरबी आईच्याच अंगावर चढते. चिंगीची मान चरबीने कडक झाली, बरगड्या बोटाला लागेनात, आणि मी ते कौतुकाने पाहत राहिलो.

शेवटच्या आठवड्यात कास भरली, सडांवर मेणासारखे थेंब आले. दोन रात्री जागलो. तिसऱ्या रात्री ‘हिला काय नवीन आहे’ म्हणून झोपलो. साडेचारला जाऊन पाहतो तर घोडी आडवी, घामाने भिजलेली, बाहेर एक खूर आणि नाकाचं टोक, दुसरा पाय आत दुमडलेला. पाणमोट फुटल्यावर घोडी वीस-तीस मिनिटांत मोकळी व्हायला हवी. इथे किती वेळ गेला होता देव जाणे. डॉक्टर सव्वापाचला आले. शिंगरू गेलेलं होतं.

तेवढ्यावर संपलं नाही. वार तीन तासांत पडायला हवी, ती दुपारी धुऊन काढावी लागली. वेदनेने चिंगीने दोन दिवस खाणं सोडलं. रक्ताची नळी डॉक्टरांनी खिडकीत उभी करून ठेवली, तर तांबड्या थरावर पिवळसर पाणी दिसायच्या ऐवजी दुधासारखा पांढरा थर आला. चरबी रक्तात उतरली होती. मिनिएचर, शेटलंड जातीची तट्टं आणि गाढवं यांच्यात हा धोका मोठा असतो, आणि जाड, गाभण किंवा नुकती व्यालेली घोडी उपाशी राहिली की सगळ्यात जास्त. आठवडाभर सलाईन आणि नळीने खाणं, तेव्हा वाचली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, मिनिएचरने एक दिवस तोंड लावलं नाही तरी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

“कळा आल्या की शिरवळला नेऊ,” असं ते गृहस्थही म्हणालेच. वाईहून निघून खंबाटकीच्या बोगद्याशी रांग लागली तर तास तिथेच जातो, आणि घोडीचा खेळ अर्ध्या तासाचा. डॉक्टर जवळ राहणारा हवा, रात्री फोन उचलणारा हवा, आणि कुणीतरी खरोखर जागं हवं. पाणमोटीऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी आधी दिसली तर फोन नंतर, आधी ती फाडा. वार सुटत आली आहे, शिंगराचा श्वास कोंडतोय. म्हाताऱ्या घोडीचा चीकही कधी कधी पातळ असतो किंवा आधीच गळून जातो. शिंगराच्या आतड्यातून चिकातली ताकद रक्तात जाते ती फक्त पहिल्या चोवीस तासांत, त्यातही सुरुवातीचे तास मोलाचे.

महिना निवडताना अकरा महिने पुढे मोजा. जुलैत फळवलेली घोडी जूनमध्ये, ऐन चिखलात विते. आणि व्याल्यावर आठ-दहा दिवसांनी येणारा पहिला माज उतारवयात सोडूनच द्या.

जाता जाता मी त्यांना दावणीत काय टाकता ते विचारलं. “वाढे, उसाचे शेंडे. ऊसतोड चालू आहे, वाढ्यांना काय तोटा!” आपल्या भागातली ही खास चूक. उसाच्या वाढ्यांतलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं, वरून गव्हाचा कोंडा घातला की फॉस्फरस वाढतो, आणि घोडी स्वतःच्या हाडांतून भरपाई करते. गाभण घोडीला हे दुप्पट महागात पडतं. आणखी एक. अंगावरचे लांब केस वैशाखातही झडत नसतील तर ते तिचं वैभव समजू नका, रक्त तपासा. पंधरा-सोळाच्या पुढे पिट्युटरीचा, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीचा, आजार असाच कळतो.

त्यांच्या घोडीची बायोप्सी ‘दोन-ब’ आली. त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी नको म्हणालो. बाजारात मिनिएचर शिंगराला किंमत चांगली मिळते, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. ते अजून ठरवतायत. घोडी मात्र वाढ्यांवरून सुक्या गवतावर आली आहे, आणि मानेवरची चरबी थोडी उतरली आहे.