‘लाईटची ट्रीटमेंट’ सांगितली, तर आधी काय विचारायचं

मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. जत-कवठ्याकडनं कुणीतरी येतं, फाईल काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, “आण्णांना प्रोस्टेटसाठी लाईटची ट्रीटमेंट सांगितलीय, त्याचं औषध द्या.” या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. म्हणून पैसे भरायच्या आधी डॉक्टरांना एवढंच विचारा: लाईटआधी औषध कुठून देणार? शिरेतून, लघवीच्या पिशवीत, की कुठूनच नाही?

कुठूनच नाही म्हणाले, तर ते लेझर. वयानं वाढलेली प्रोस्टेट त्यानं काढतात. उन्हाचं पथ्य नाही, विषय संपला.

पिशवीत म्हणाले, तर ती लघवीच्या पिशवीतला कॅन्सर शोधायची सोय. हेक्सामिनोलेव्हुलिनेट नावाच्या औषधाचं 50 मिली द्रावण नळीतून आत सोडतात, तासभर धरून ठेवायचं. मग दुर्बिणीतून निळा प्रकाश टाकला की कॅन्सरचा भाग गुलाबी-लाल चमकतो. साध्या प्रकाशात निसटणारे चपटे डागही त्यात सापडतात. पण या प्रकाशानं गाठ मरत नाही, ती खरवडूनच काढावी लागते. पोर्फिरिया (रक्तातलं लाल द्रव्य बनवण्यातल्या बिघाडाचा आजार) असेल तर आधीच सांगा. आणि तासभर धरवत नसेल तर नर्सला सांगा, त्यात लाजायचं काय?

शिरेतून म्हणाले, तर मात्र खरी प्रकाश-औषध पद्धत. औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन तिन्ही जमले तरच गाठीवर मारा होतो. प्रोस्टेटसाठीचं पॅडेलिपोर्फिन युरोपात 2017 मध्ये मंजूर झालं, तेही एकाच बाजूच्या, कमी धोक्याच्या कॅन्सरपुरतं. अमेरिकेत 2020 मध्ये औषध नियामकाच्या सल्लागार समितीनं त्याच्या विरोधात कौल दिला. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी फोटोफ्रिन या शिरेतून द्यायच्या दुसऱ्या औषधाला कॅनडानं 1993 मध्ये मान्यता दिली. त्यात पिशवी आक्रसायचा धोका असतो, तो तोंडावर विचारा. असली औषधं आमच्या फळीवर नसतात.

आता घरची तयारी, कारण लोक चुकतात ते इथं. पॅडेलिपोर्फिननंतर 48 तास ऊन आणि झगझगीत दिवे टाळायचे. फोटोफ्रिननंतर किमान 30 दिवस. सनस्क्रीन चोपडून उपयोग नाही: ते अतिनील किरण अडवतं, हे औषध जागं होतं डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानं. गाडीची काचही तो अडवत नाही. त्यामुळे डिस्चार्ज शक्यतो संध्याकाळी घ्या. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, हातमोजे, गडद गॉगल. गांधी टोपीनं कान आणि मान उघडी राहतात, वरून उपरणं गुंडाळा. दातांच्या डॉक्टरांकडचा दिवासुद्धा या काळात नको.

फोटोफ्रिनवाल्याला अंधाऱ्या खोलीत कोंडूही नका. घरातला मंद उजेड कातडीतलं औषध हळूहळू निकामी करतो. महिन्यानं डॉक्टरांना विचारून हाताचा थोडासा भाग 10 मिनिटं उन्हात धरा आणि 24 तास बघा. लाली, सूज, फोड काहीच नसेल तर थोडं थोडं बाहेर पडा. ही परीक्षा चेहऱ्यावर करू नका, डोळ्यांभोवतीची कातडी जास्त नाजूक असते.