मिनी ट्रॅक्टरची पुढची चाकं ओढत नाहीत? एक्सल खोलण्याआधी एवढं तपासा

गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की द्राक्षबागेत फवारण्यांची रांग लागते. मग वाफसा असो-नसो, ट्रॅक्टर बागेत घालावाच लागतो. मागे ब्लोअर (फवारणी यंत्र), टाकी पाण्याने भरलेली आणि पुढची चाकं नुसती घसटत जातात. पुढच्या चाकांना जोर जोडणारा फोर-व्हीलचा दांडा टाकला तरी फरक नाही. अशा वेळी ‘पुढचा गिअर गेला’ असं ठरवून थेट एक्सल खोलला जातो. दोष पुष्कळदा बाहेरच असतो: दांड्याची जोडणी, शाफ्टचे दाते, टायर किंवा नुसतं वजन.

आधी रचना लक्षात घ्या. गिअरबॉक्समधून एक प्रोपेलर शाफ्ट पुढे येतो आणि एक्सलमधल्या क्राउन-पिनियन या गिअरच्या जोडीला फिरवतो. तिथल्या डिफरन्शियलमधून (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमधून) दोन्ही बाजूंना आडवे शाफ्ट जातात. बहुतेक मिनी ट्रॅक्टरमध्ये चाकाजवळ क्रॉस-जॉइंट (वाकूनही फिरणारा सांधा) नसतो. तिथे वरची बेव्हल गिअरची (फिरणं काटकोनात वळवणाऱ्या गिअरची) जोडी, मग उभा शाफ्ट, मग खालची जोडी आणि शेवटी चाक असं असतं. म्हणून हे ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला इतक्या कमी जागेत वळतात. पण त्यामुळेच दोन्ही चाकांजवळ तेलाने भरलेला एकेक डबा चिखलाच्या पातळीला लोंबत असतो.

पुढे डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकत्र बांधणारी कळ) नसेल तर चिखलात एकच चाक गरगर फिरणं आणि दुसरं स्वस्थ बसणं हा बिघाड नाही. डिफरन्शियलचा तो स्वभावच आहे. तसंच मागे थ्री-पॉइंटवर (अवजार उचलणाऱ्या जोडणीवर) भरलेली टाकी उचलली की पुढचा भाग हलका होतो आणि चांगला एक्सलही पकड घेत नाही. पुढे वजनं लावून एकदा चालवून बघा. टायर उलटे बसवलेत का तेही पाहा, बाजूवरचा बाण पुढे जाण्याच्या दिशेला हवा. पंक्चर काढल्यावर डावं-उजवं बदलणं फार होतं.

आता हाताने करायची तपासणी. जागा सपाट हवी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, इंजिन बंद. एक्सलखाली जॅक लावून पुढची दोन्ही चाकं उचला आणि स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर काम नको. या अवस्थेत इंजिन सुरू करून ‘चाक फिरतंय का’ बघू नका. मागची चाकं जमिनीवर असतात, ट्रॅक्टर स्टँडवरून उतरून अंगावर येतो.

दांडा फोर-व्हीलमध्ये टाका. एक चाक पुढे फिरवा, दुसरं उलट दिशेला फिरलं पाहिजे. मग दोघांनी दोन चाकं धरून एकाच वेळी पुढच्या दिशेला फिरवा. थोडा खेळ संपला की दोन्ही अडली पाहिजेत, कारण शाफ्ट मागच्या ब्रेकने धरून ठेवलेला असतो. अडली तर ड्राइव्ह शाबूत आहे, दोष टायरमध्ये किंवा वजनात शोधा.

अडत नसतील तर शाफ्टवर झाकण म्हणून असलेली नळी सरकवा आणि परत फिरवा. चाकांबरोबर शाफ्टही फिरतोय आणि मागे कुठेच अडत नाही, तर दोष मागच्या बाजूला आहे: दांड्याची जोडणी, आतला फोर्क (गिअर सरकवणारा चिमटा) किंवा मागच्या कपलिंगचे (शाफ्टच्या टोकाच्या जोडणीचे) दाते. शाफ्ट जागेवर थांबलाय आणि चाकं मात्र फिरतात, तर पुढच्या कपलिंगपासून आत पाहायचं. शाफ्ट जागेवर थांबलेला असताना एक चाक फिरवल्यावर दुसरं उलट फिरतच नसेल तर एका बाजूचा आडवा शाफ्ट किंवा बेव्हल गिअर तुटलेला आहे. कोणती बाजू, ते त्या बाजूचा ड्रेन प्लग (तेल सोडायचं बूच) काढला की कळतं: तुकडे तिथेच बसलेले असतात.

दांड्याची जोडणी ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, म्हणून ती पहिली. पिन झिजली किंवा क्लिप निघाली की दांडा पूर्ण खाली जातो, पण आतली बाही (गिअर जोडणारी सरकती कडी) अर्धीच सरकते. मग जोर आला की गिअर ‘कट्’ आवाज करून सुटतो. असं चालवत राहिलात तर दात्यांची टोकं गोल होतात आणि एका स्वस्त पिनेपायी आतलं काम निघतं.

शाफ्टच्या दोन्ही टोकांचं कपलिंग दात्यांचं असतं आणि ते कोरडं पडतं. वरच्या नळीची रबरी रिंग फाटली की चिखलपाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि दात्यांना लाल गंज चढतो. नळी सरकवा, स्प्रिंग पिन ठोकून काढा, कपलिंग सरकवून दाते पुसा. बोटाने चाचपल्यावर धार लागली किंवा दात एका अंगाने पायरीसारखा झिजलेला दिसला, तर कपलिंग बदला. नवं बसवताना शाफ्टचे दातेही तसेच झिजले नाहीत ना ते बघा, नाहीतर नवं कपलिंग एका हंगामात जुन्यासारखं होईल. ग्रीस भरून नवी रिंग टाका. पुढे-मागे करताना ‘ठक्’ वाजतं ते बहुधा इथूनच.

टायरचा हिशोब मात्र फारसं कोणी करत नाही. फोर-व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरावीत अशी गिअरची रचना असते. हा फरक साधारण १ ते ५ टक्के असावा. मोजायचं असं: चारही टायरमध्ये ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेली हवा भरा. मुरमाच्या सपाट रस्त्यावर, मागे अवजार न लावता, मागच्या आणि पुढच्या एकेका टायरवर खडूने खूण करा. फोर-व्हील टाकून मागचं चाक बरोबर १० फेरे होईपर्यंत सावकाश चालवा आणि पुढच्या चाकाचे फेरे मोजा. शेवटचा अर्धामुर्धा फेरा टायरच्या कंगोऱ्यांवरून काढता येतो. मग फोर-व्हील काढून तेवढंच परत करा. समजा आधी १५.६ आणि नंतर १५.२ फेरे आले. फरक ०.४, भागिले १५.२, गुणिले १०० म्हणजे सुमारे २.६ टक्के. ठीक आहे.

मागचे टायर घासलेत आणि पुढचे नवे टाकले, की हा आकडा वाढतो. पुढची चाकं सतत घासटतात, एक्सल तापतो, बेव्हल गिअरवर ताण येतो. उलट मागचे नवे आणि पुढचे घासलेले असतील तर आकडा शून्याखालीही जातो, म्हणजे पुढची चाकं ओढण्याऐवजी ट्रॅक्टरला अडवतात. दुसऱ्या मापाचा टायर ‘बसतोय ना’ म्हणून टाकला, तर ही मोजणी केल्याशिवाय शेतात जाऊ नका.

डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर फोर-व्हील काढूनच चालवा. चिखलात हा फरक घसरून निघतो, रस्त्यावर तो शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. दांडा काढता काढता निघत नाही, तो या पिळामुळे. हातोडी मारू नका. दोन-चार फूट रिव्हर्स घ्या, दांडा हलका होतो.

तेलाचं काम बागेत घड्याळाच्या तासांवर सोडून चालत नाही. पुस्तकातले तास पाळाच, पण चिखलातला हंगाम संपला की प्लग सैल करून थेंबभर तेल बघा. दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय. वरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचं भोक) मातीने बुजला असेल तर हेच होतं: काम करून तापलेला एक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून (तेल अडवणाऱ्या रबरी रिंगेतून) पाणी खेचून घेते. पाणी काढून नुसतं तेल भरलं तर महिन्याभरात तेच. ब्रीदर साफ करा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरची काळी मऊ लेप चालते. नखाने उचलता येईल असा चमकदार तुकडा दिसला तर गाडी तिथेच थांबवा.

तेल गरम असताना, दोन्ही चाकांजवळचे प्लग काढून सोडा. ग्रेड पुस्तकातलीच, दोन प्रकार मिसळू नका. भरताना घाई केली की चूक होते: मधून ओतलेलं तेल आडव्या नळीतून दोन्ही टोकांच्या डब्यात जायला वेळ घेतं. पातळी दिसली म्हणून झाकण लावू नका. दहा मिनिटं थांबा, परत बघा, लागलं तर परत ओता.

गळती कुठून आहे ते नुसतं बघून कळत नाही, कारण तेल आणि माती मिळून सगळीकडे लगदा होतो. डिझेलने धुऊन कोरडं पुसा, वर चिमूटभर रांगोळी भुरभुरवा आणि तासभर काम करा. तेल जिथून निघतं तिथे रांगोळी ओली होऊन गडद रेघ उमटते. वळणाऱ्या डब्याच्या सांध्यावर रेघ असेल तर वरचं सील, रिमच्या आतल्या बाजूला असेल तर हबचं (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचं).

हबचं सील बागेत बहुतेक वेळा झिजून नाही, कापून जातं. ठिबकच्या नळीचा तुकडा, सुतळी, मांडवाची बारीक तार चाकाबरोबर गुंडाळत जाते आणि सीलच्या ओठात घुसते. छाटणीनंतरच्या पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी चाकामागे बोट घालून बघा. तार निघाली तर हिसका देऊ नका, चाक उलटं फिरवून सोडवा.