शिस्त किती नव्हे, कुठे: सॉफ्टवेअर टीम सांभाळणाऱ्यांसाठी

टीममध्ये शिस्त किती ठेवावी आणि मोकळीक किती द्यावी, हा प्रश्न बहुतेक टीम लीड प्रमाणाचा समजतात. माझ्या मते तो जागेचा आहे. म्हणून झालेली चूक मागे घेणे कुठे महागात पडते, याची यादी आधी करावी. डेटाबेसची रचना, ग्राहक वापरत असलेले एपीआय (इतर प्रोग्रॅमनी आपल्या सॉफ्टवेअरशी बोलण्याचे ठरलेले मार्ग), पैशांचे व्यवहार आणि मुख्य ब्रँचवरचे मर्ज (कोडच्या मुख्य प्रतीत नवे बदल मिसळणे), एवढ्या ठिकाणी नियम कडक असावेत आणि ते शक्य तितके यंत्राकडे सोपवावेत. कोडची मांडणी फॉरमॅटरने, म्हणजे ती आपोआप नीट लावणाऱ्या साधनाने, सांभाळली आणि टेस्ट पास झाल्याशिवाय मर्ज होतच नसले, की रिव्ह्यू करणाऱ्याला स्पेस आणि कंसांवरून वाद घालावा लागत नाही. त्याचे लक्ष मूळ विचाराकडे राहते.

वेळापत्रक कसे असावे, यासाठी लिनक्स कर्नलकडे, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, पाहावे. तेथे साधारण 9 ते 10 आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. पहिल्या 2 आठवड्यांच्या मर्ज विंडोमध्ये नव्या गोष्टी घेतल्या जातात आणि पुढे मुख्यतः दुरुस्त्याच स्वीकारल्या जातात. मात्र आपापल्या ब्रँचवर नवे काम वर्षभर चालूच असते, आणि पुढची विंडो केव्हा येणार हे ठाऊक असल्यामुळे अर्धेकच्चे काम घुसवण्याची घाई करावी लागत नाही.

प्रयोगासाठी वेगळी ब्रँच आणि दोन दिवसांची मुदत द्यावी. कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे ते एका वाक्यात लिहून घ्यावे आणि तो कोड टाकून द्यायचा आहे, हे पहिल्याच दिवशी सांगावे. हे शेवटचे आम्ही एकदा विसरलो. रिपोर्टचा कच्चा नमुना ग्राहकाला आवडला आणि तसाच लाइव्ह गेला. त्यात तारीख यूटीसीनुसार (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेनुसार) धरलेली असल्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या ऑर्डर आदल्या दिवशीच्या हिशेबात दिसू लागल्या, आणि दोन दिवसांच्या प्रयोगाची निस्तरानिस्तर तीन आठवडे चालली.

रोजची स्टँड-अप, म्हणजे टीमची छोटी बैठक, स्क्रम या कार्यपद्धतीच्या नियमाप्रमाणे 15 मिनिटांतच संपवावी. ती हजेरी घेण्याची जागा नव्हे.

प्रत्येक नियमापुढे तो का आणि केव्हा केला, हे लिहून ठेवावे. तिमाहीच्या शेवटी यादी टीमसमोर वाचावी, आणि ज्या नियमाचे कारण उरलेले नाही, तो त्याच बैठकीत काढून टाकावा.