वकील संघाचा कारभार हाती घेताना: पहिल्या नव्वद दिवसांची तयारी

सचिव मॅडम, निवडणुकीचा गुलाल बार रूमच्या पायरीवरून पुसला जायच्या आत ही यादी तुमच्या हाती देतो आहे. तालुक्याच्या वकील संघाचे सचिवपद मी दोन वेळा सांभाळले. वेळेवर केलेली कामे कोणाला आठवत नाहीत, आणि त्यात काही गैर नाही. राहून गेलेल्या कामांचा त्रास मात्र दुसऱ्यांना झाला, म्हणून हे लिहिणे. इतर तालुक्यांतल्या नव्या कार्यकारिणींनाही यातले बरेचसे लागू पडेल.

सत्काराआधी पदभाराची यादी करा आणि तिच्यावर जुन्या-नव्या दोन्ही सचिवांच्या व खजिनदारांच्या सह्या घ्या. संघाच्या घटनेची नोंदणीकृत प्रत, संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालचे प्रमाणपत्र, सार्वजनिक न्यासाचा नोंदणी दाखला, परिशिष्ट-एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा) ताजा उतारा, पॅन कार्ड, पासबुके, वापरलेली आणि कोरी चेकबुके, मुदत ठेवींच्या पावत्या, किर्द, खतावणी, व्हाउचर फाइल, प्रोसिडिंग बुक, सभासद रजिस्टर, ग्रंथालयाचे दाखल रजिस्टर. पावतीपुस्तके कोरी किती आणि अर्धवट किती, हे क्रमांकासह लिहून घ्या. वकीलपत्रावर लावायच्या वेल्फेअर तिकिटांचा साठा दोघांनी समोरासमोर मोजावा. तो पैशाइतकाच जोखमीचा आहे. संघाचा ई-मेल आणि सभासदांच्या व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिनपद हेही आता पदभारातच येते. माझ्या पहिल्या खेपेला ई-मेलचा पासवर्ड एका माजी पदाधिकाऱ्यांच्या जुन्या मोबाइलवर अडकला होता आणि जिल्ह्याहून आलेली दोन पत्रे आम्ही महिन्याने वाचली.

यानंतरचे काम सगळ्यांत महत्त्वाचे: चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अर्ज. आपला संघ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे नव्या कार्यकारिणीचा बदल घडल्यापासून नव्वद दिवसांत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे कळवावा लागतो. आपण रोज दुसऱ्यांच्या न्यासांचे हेच अर्ज चालवतो. स्वतःच्या संघाचा अर्ज मात्र ‘कोणीतरी करेल’ यावर राहतो.

त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. २०२१ च्या मे महिन्यात आमचे एक सहकारी कोरोनात गेले. वय चाळिशीच्या आतले, घरात दोन लहान मुले. संघाने त्याच आठवड्यात मदतीचा ठराव केला, सभासदांनी वर्गणीही भरली. पैसे खात्यात होते आणि निघत नव्हते, कारण बँकेत सह्या दोन कार्यकारिणींपूर्वीच्या होत्या. सह्या बदलायच्या तर बँकेला धर्मादाय कार्यालयाचा आदेश हवा होता, आणि मधल्या दोन्ही कार्यकारिणींचे चेंज रिपोर्ट दाखलच झाले नव्हते. बँकेची मागणी रास्त होती. मी तेव्हा सहसचिव होतो. वहिनींना मी तीन वेळा ‘पुढच्या आठवड्यात होईल’ असे सांगितले, आणि पैसे पोचायला सात महिने लागले. त्या काळात त्यांनी मुलांच्या शाळेची फी कशी भरली, हे विचारायचे धाडस मला झाले नाही.

तेव्हा निकाल जाहीर झाला त्याच दिवसापासून दिवस मोजा. सभेची नोटीस, ती सभासदांना मिळाल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, निवडणूक अधिकाऱ्यांचा निकालपत्रक-अहवाल, इतिवृत्ताची खरी प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांची संमतीपत्रे, प्रतिज्ञापत्रे आणि मावळत्यांची ना-हरकत हे सारे पहिल्या पंधरा दिवसांतच गोळा होते. नंतर माणसे आपापल्या बोर्डात, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांत, गुंततात आणि एका सहीसाठी चार चार दिवस थांबावे लागते. निवडणूक चुरशीची झाली असेल तर पराभूत पॅनेलच्या मंडळींकडे तुम्ही स्वतः जा. त्यांच्या हरकतीने अर्ज वर्षभर लांबू शकतो. शिवाय ती आपलीच माणसे आहेत, उद्या त्याच टेबलावर चहा प्यायचा आहे. मुदत टळलीच तर उशीर माफीचा अर्ज सोबत द्या, पण ती वेळ येऊ देऊ नका.

हिशेबाचे थोडक्यात सांगतो. वर्ष ३१ मार्चला संपते आणि लेखापरीक्षण सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवे. खजिनदारांनी किर्द रोजच्या रोज लिहावी, रोख शिल्लक ठरावीक रकमेपेक्षा जास्त हाती ठेवू नये, आणि दर महिन्याचा जमाखर्च बार रूमच्या फळ्यावर लावावा. फळ्यावर लागलेल्या हिशेबावर कुजबुज होत नाही.

आता वेल्फेअर फंड. वकीलपत्रावर आपण तिकीट लावतो, त्याचा पैसा कुठे जातो हे आपल्याच कित्येक ज्युनियर मंडळींना माहीत नसते. महाराष्ट्रात १९८१ च्या वकील कल्याण निधी अधिनियमाखाली हा निधी उभा आहे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली म्हणजे निधीचे सभासदत्व आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. अर्ज न करता गेलेल्या वकिलाच्या घरच्यांना आपण काय सांगणार? पहिल्या महिन्यात सभासद रजिस्टर घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे ‘निधीचा सभासद आहे की नाही’ असा एक रकाना भरा. वारसाचे नाव नोंदले आहे का, लग्नानंतर बदलले आहे का, हेही तेव्हाच विचारा. वकील मंडळी दुसऱ्यांची मृत्युपत्रे करतात आणि स्वतःचे वारसपत्र कोरे ठेवतात. मागे लागल्याशिवाय हे होत नाही. नव्या पदाधिकाऱ्यांची नावे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे लगेच कळवा, कारण निधीच्या अर्जावर संघाचा शिक्का आणि सही लागते आणि ती सही कौन्सिलच्या नोंदीशी जुळली पाहिजे.

कामकाजापासून अलिप्त राहण्याचा ठराव मांडायचा प्रसंग तुमच्यावर येईलच. पोलीस ठाण्यात वकिलाला मारहाण झाली, एखाद्या न्यायालयात अपमान झाला, की दुपारच्या सुट्टीत चाळीस जण तुमच्या टेबलाभोवती उभे राहतात आणि ‘आत्ताच्या आत्ता ठराव करा’ म्हणतात. त्यांचा राग खरा असतो. पण सर्वोच्च न्यायालयाने माजी कॅप्टन हरीश उप्पल यांच्या प्रकरणात १७ डिसेंबर २००२ रोजी स्पष्ट सांगितले आहे की वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा अधिकार नाही. निषेध निवेदन देऊन, फीत लावून, न्यायालयाच्या आवाराबाहेर शांततेने मोर्चा काढून करता येतो. कोल्हापूर खंडपीठाच्या लढ्यात मी स्वतः कामापासून अलिप्त राहिलो आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी ती मागणी कित्येक वर्षे लावून धरली आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले, याचा मला अभिमान आहे. तरीही त्या दिवसांत एक शेतमजूर बाई जामिनाच्या तारखेसाठी एसटीने दोन वेळा येऊन परत गेली, तेही मला आठवते. म्हणून सांगतो, एक मसुदा आधीच तयार ठेवा: निषेधाचा ठराव, प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना निवेदन, पाच जणांचे शिष्टमंडळ. रिमांड, जामीन आणि मनाई हुकुमाची कामे कधीही अडणार नाहीत, हे त्यात लिहा. मसुदा हाताशी असला की संतापलेल्या चाळीस जणांना काहीतरी ठोस करता येते.

कोल्हापूरचे बेंच झाल्याने आपल्या तालुक्यातही बदल होणार आहे. पूर्वी अपिलासाठी मुंबईला जाणाऱ्या वकिलाकडे फाइल दिली की आपले काम संपे. आता आपल्या ज्युनियरना तिथे उभे राहता येईल, पण त्यासाठी उच्च न्यायालयाचे नियम, पेपर बुक (अपिलाच्या कागदपत्रांचा संच), ई-फायलिंग शिकावे लागेल. दर शनिवारी दुपारी तासाभराचा अभ्यासवर्ग ठेवा. सुरुवात फौजदारी कायद्यांनी करा, कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले, तरी त्यापूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागते आणि एकाच दिवशी दोन्ही कायद्यांची प्रकरणे एकाच बोर्डावर येतात. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाणे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने अपेक्षित आहे. उलटतपासाला हा मुद्दा कसा घ्यायचा, यावर सिनिअर मंडळी बोलली तर बाकावर जागा उरणार नाही. ई-फायलिंगसाठी बार रूममध्ये एक स्कॅनर, एक चांगला संगणक आणि शिकवायला तयार असलेला एक ज्युनियर एवढे पुरते. साठी ओलांडलेल्या वकिलांना तिथे कोणी हसू नये, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा.

ज्युनियर हा विषय माझ्या फार जवळचा आहे. सनदेची नोंदणी फी सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये यापेक्षा जास्त घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी सांगितले. मग तालुक्याच्या संघाची प्रवेश फी त्याच्या कितीतरी पट असावी का? तुमच्या पहिल्या सभेत हा विषय घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना ग्रामीण भागात किमान १५ हजार आणि शहरात २० हजार रुपये मासिक विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली आहे. तालुक्यातल्या सगळ्या सिनिअरना एवढे झेपणार नाही, हे मलाही कळते. पण पेट्रोलचा आणि जेवणाचा खर्च तरी द्यावा, एवढा ठराव होऊ शकतो. बार रूममध्ये टेबल वारशाने मिळते, ही पद्धत मोडून पहिल्या पिढीच्या वकिलांसाठी दोन मोकळी टेबले राखा.

महिला वकिलांची खोली, तिची कडी आणि तिथले पाणी तुम्ही स्वतः बघालच, मी मात्र हे दोन खेपांत पूर्ण करू शकलो नाही याची खंत आहे. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या, तरी स्त्रियांना वकिलीचे दार कायद्याने उघडायला १९२३ साल उजाडले. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२४ रोजी आपल्या स्वतःच्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. आपल्या घटनेत तशी दुरुस्ती करायची तर सर्वसाधारण सभेची नोटीस, मसुदा आणि धर्मादाय कार्यालयाची नोंद हे सारे वेळ खाते. पुढच्या निवडणुकीपूर्वी लागू व्हायची असेल तर याच वर्षी सुरू करा. तक्रार आली तर ती कोण ऐकणार, हेही आधी ठरवा, आणि त्यात एक व्यक्ती संघाबाहेरची असू द्या.

बाकी वर्षाचे वेळापत्रक तुम्हाला पाठ आहे: राष्ट्रीय लोक अदालती, ९ नोव्हेंबरचा विधी सेवा दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ डिसेंबरचा वकील दिन. लोक अदालतीसाठी तालुका विधी सेवा समितीशी यादी महिनाभर आधी जुळवा आणि पक्षकारांना हे सांगा की तिथल्या निवाड्यावर अपील नसते व भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. न्यायाधीशांकडे शिष्टमंडळ नेताना मागण्या तीनच न्या, लेखी न्या. नकलांना लागणारा वेळ, बेलिफांची कमतरता, पक्षकारांना उन्हात बसावे लागणारी जागा, एवढ्या तीन मिळाल्या तरी खूप झाले.

लोखंडी कपाटाच्या किल्ल्या शनिवारी साडेदहाला बार रूममध्येच देतो. वरच्या कप्प्यात, निळ्या फाइलमध्ये वेल्फेअर फंडाचे तीन अर्ज आहेत. तिघेही पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे वकील. फोटो, फी, वारसाचे नाव सगळे पूर्ण आहे, फक्त सचिवांची सही राहिली आहे. माझी मुदत संपल्याने ती मला करता येत नाही. हाराच्या आधी ती तेवढी करा.