सॅटिस्फॅक्टरी: खाणीपासून असेंब्लरपर्यंत न अडणारी लाइन कशी लावावी

सॅटिस्फॅक्टरी हा परक्या ग्रहावर कारखाना उभारायचा कॉम्प्युटर गेम. त्यात मायनर (खनिज काढणारं यंत्र) कसा बसवायचा, विजेची तार कशी ओढायची हे इथे सांगत नाही. खेळ ते स्वतःच शिकवतो. तुम्ही टियर २ पर्यंत, म्हणजे खेळाच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत आला आहात, असेंब्लर (दोन प्रकारचे भाग जोडणारं यंत्र), स्प्लिटर (एका बेल्टवरचा माल वेगवेगळ्या वाटांना वाटणारा) आणि मार्क २, म्हणजे दुसऱ्या श्रेणीचा वेगवान बेल्ट हाताशी आहेत आणि तरीही कारखान्यातली अर्धी यंत्रं झोपलेली आहेत, असं धरून पुढचं लिहितो आहे. गुहागरला मे महिन्यात आमच्या घरी भाचरं जमली की सगळ्यांची तक्रार हीच असते.

परका ग्रह, जमिनीत खनिज, आपण एकटे आणि वरून कंपनीचा तगादा, अशा खेळांचं पेव सध्या फुटलं आहे. द प्लॅनेट क्राफ्टरमध्ये बेल्टऐवजी ड्रोन माल वाहतात आणि ध्येय असतं ग्रहाची हवा, उष्णता, दाब वाढवत नेण्याचं. तिथेही लाइन आखण्याची रीत हीच लागू पडते, फक्त आकडे बदलतात. मी उदाहरण सॅटिस्फॅक्टरीचं घेतो, कारण त्यात प्रत्येक यंत्र मिनिटाला किती खातं आणि किती देतं हे यंत्रावरच लिहिलेलं असतं.

खाण

नोड, म्हणजे जमिनीतले खनिजाचे साठे, तीन प्रतींचे असतात: इम्प्युअर, नॉर्मल, प्युअर. मार्क १ मायनर त्यांवर मिनिटाला अनुक्रमे ३०, ६० आणि १२० खनिज काढतो. नोड कधी संपत नाहीत. त्यामुळे "दिसेल तो नोड आधी धरून ठेवा" या सल्ल्याला काडीचा अर्थ नाही. ज्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही, ते खनिज काढून करायचंय काय?

हिशोब

बहुतेक जण खनिजापासून सुरुवात करतात. लोखंड आहे, चला भट्ट्या लावू. इंगट (धातूच्या लगडी) झाले, चला प्लेट करू. तासाभराने प्लेटांनी कंटेनर ओसंडतो आणि स्क्रूची बोंब. हिशोब शेवटच्या मालापासून मागे यायला हवा. कागद घ्या आणि आधी लिहा की मिनिटाला काय आणि किती हवं.

मला मिनिटाला १० रीइन्फोर्स्ड आयर्न प्लेट हव्यात. एक असेंब्लर मिनिटाला ३० प्लेट आणि ६० स्क्रू खाऊन ५ देतो, म्हणजे असेंब्लर दोन, प्लेट ६०, स्क्रू १२०. प्लेटचा कन्स्ट्रक्टर (एकाच मालापासून भाग घडवणारं यंत्र) ३० इंगटांत २० प्लेट देतो, म्हणून कन्स्ट्रक्टर तीन आणि इंगट ९०. स्क्रूचा कन्स्ट्रक्टर १० रॉडमधून ४० स्क्रू काढतो, तेही तीनच लागतात आणि त्यांना ३० रॉड. रॉडचा कन्स्ट्रक्टर १५ इंगटांत १५ रॉड देतो, म्हणजे दोन, आणि इंगट ३०. बेरीज १२० इंगट. स्मेल्टर, म्हणजे भट्टी, मिनिटाला ३० देतो, म्हणून स्मेल्टर चार, खनिज १२०. एक प्युअर नोड, नाहीतर दोन नॉर्मल.

वीजही याच कागदावर मांडा. स्मेल्टर आणि कन्स्ट्रक्टर प्रत्येकी ४ मेगावॉट, असेंब्लर १५, मार्क १ मायनर ५. एका प्युअर नोडवर हे सगळं ८३ मेगावॉटला बसतं. बायोमास बर्नर (पाला-लाकूड जाळून वीज देणारा) ३० चा असतो, तीन लावा.

इतकं झालं की बांधकाम म्हणजे हमाली. फाउंडेशन टाका, यंत्रं एका रेषेत ठेवा, मध्ये माणूस जाईल एवढी जागा सोडा.

बेल्ट: खरं दुखणं इथे आहे

मी स्वतः सगळ्यात जास्त डोकं इथे आपटलं आहे, त्यामुळे इथे सावकाश वाचा.

मार्क १ बेल्ट मिनिटाला ६० वस्तू नेतो, मार्क २ बेल्ट १२०. वरच्या कागदावर १२० तीन ठिकाणी आलेत: खनिज, एकत्र झालेले इंगट आणि स्क्रू. तिन्ही ठिकाणी अथपासून इतिपर्यंत मार्क २ हवा. मधला एक हातभर तुकडा मार्क १ चा राहिला तरी संपूर्ण लाइन ६० वर येते, आणि खेळ तुम्हाला त्याबद्दल अवाक्षर सांगत नाही. सगळ्यात जास्त सुटते ती कन्व्हेयर लिफ्ट. माल वरच्या मजल्यावर चढवायला लावलेल्या या लिफ्टलाही बेल्टसारखाच मार्क असतो. लोक आडवे बेल्ट सगळे बदलतात आणि उभी लिफ्ट जुनीच ठेवतात. लाइन निम्म्यावर चालतेय असं वाटलं की पहिला संशय लिफ्टवर घ्या.

आता वाटप. १२० खनिज चार स्मेल्टरना सारखं कसं द्यायचं? नेटवर दोन पंथ आहेत. एक बॅलन्सरवाला: स्प्लिटरमागून स्प्लिटर लावून माल काटेकोर समान वाटायचा. चार यंत्रांना ते जमतं. पाच किंवा सात यंत्रं आली की त्या जाळ्यात बेल्ट परत मागे फिरवावे लागतात आणि महिन्याने स्वतःलाच कळत नाही काय कुठे चाललंय. नवख्या माणसाला हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दुसरा पंथ मॅनिफोल्डचा, आणि माझं मत शंभर टक्के याच्या बाजूने आहे. यंत्रांसमोरून एकच सरळ बेल्ट न्यायचा, प्रत्येक यंत्रापुढे एक स्प्लिटर, त्याचं एक तोंड यंत्राला, दुसरं पुढच्या स्प्लिटरला. शेवटच्या यंत्रात बेल्ट थेट शिरतो. बस्स.

अडचण अशी की चालू केल्या केल्या मॅनिफोल्ड बिघडल्यासारखा दिसतो. पहिला स्प्लिटर १२० चे दोन भाग करतो: ६० पहिल्या स्मेल्टरला, ६० पुढे. दुसरा त्याचे ३० आणि ३०. तिसरा १५ आणि १५. म्हणजे पहिल्या भट्टीला गरजेच्या दुप्पट मिळतंय आणि शेवटच्या दोघी अर्धपोटी चालल्या आहेत. इथेच माणूस घाबरतो, स्प्लिटर उपटतो, बेल्ट फिरवतो आणि दोन तास वाया घालवतो.

आमच्या आगरात पंप सुरू केला की पाणी पाटाने निघतं. पाट सारा आगर फिरून जातो, पण पहिल्या माडाचं आळं भरेपर्यंत पुढच्या पोफळींकडे धड धार जात नाही, नुसती ओल सरकते. आळं काठोकाठ भरलं की पाणी आपसूक पुढे वळतं, मग त्याच्या पुढे, आणि टोकाच्या माडाला सगळ्यात शेवटी. शिपणं करणारा माणूस खोरं टेकून उभा राहतो. टोकाचं आळं कोरडं दिसतंय म्हणून तो मधला पाट फोडत बसत नाही.

स्मेल्टरच्या पोटातही असंच आळं आहे. त्यात खनिजाचा एक स्टॅक मावतो, म्हणजे १००. पहिल्या भट्टीला मिनिटाला ३० जास्तीचे मिळतायत, तर साधारण तीन मिनिटांत तिचं पोट भरतं. त्यानंतर ती जेवढे जाळते तेवढेच घेते, ३०, आणि पुढे ९० सुटतात. मग दुसरी जास्तीचे घेऊ लागते. तिला भरायला सहा-सात मिनिटं. ती भरली की मागे राहिलेले ६० तिसऱ्या-चौथ्यांत ३०-३० वाटले जातात आणि चारही भट्ट्या पूर्ण वेगाने चालू लागतात. एकूण दहा मिनिटांचा मामला.

गेल्या सुट्टीत धाकटा भाचा आतल्या खोलीतून ओरडला, "मामा, शेवटच्या दोन भट्ट्या सारख्या पिवळ्या होतायत. स्प्लिटर काढून परत लावू?"

"कशाला हात लावू नको. खाली जा, आजी आंबे कापतेय."

"पण मामा, पहिलीत नुसता ढीग साठतोय!"

"साठू दे. त्याचसाठी ती पहिली आहे."

आंबा खाऊन, हात पुसत वर आला, तर चारी दिवे हिरवे.

थांबायची तयारीच नसेल तर दोन उपाय आहेत. खिशात खनिज असेल तर प्रत्येक यंत्रात हाताने एक-एक स्टॅक टाका. नाहीतर यंत्रांना वीज न जोडता आधी फक्त बेल्ट चालू ठेवा, सगळ्यांची पोटं भरू द्या आणि मग तार जोडा. मी दुसरा उपाय करतो. स्क्रूच्या बाबतीत तो जास्त उपयोगी, कारण स्क्रूचा स्टॅक ५०० चा असतो आणि लांब लाइन भरायला फार वेळ घेते.

एक सक्त ताकीद मात्र देतो. मॅनिफोल्ड टंचाई भरून काढत नाही. गरज १२० ची आणि येतायत ११०, तर सुरुवातीची यंत्रं पोटभर जेवणार आणि शेवटचं कायम उपाशी राहणार, मग तुम्ही दहा मिनिटं थांबा नाहीतर दहा तास. म्हणून कागदावरची बेरीज आधी. जो हिशोब न करता मॅनिफोल्ड लावतो आणि मग मॅनिफोल्डला शिव्या घालतो, त्याचं काही होऊ शकत नाही.

अडलं कुठे ते शोधताना यंत्रं बघत फिरू नका, बेल्ट बघा. बेल्टवर माल एकाला एक चिकटून थांबलेला असेल तर अडथळा पुढे आहे: पुढचं यंत्र भरलंय, नाहीतर पुढचा बेल्ट हळू आहे. माल विरळ, मध्ये मोकळी जागा सोडत जात असेल तर कमतरता मागे आहे. या खुणेने विरळ आणि दाट यांच्या सीमेवर पोचलात की दोष तिथेच असतो. आणि भरलेला, थांबलेला बेल्ट हा दोष नव्हे! शेवटचा कंटेनर भरल्यावर मागचं सगळं थांबणारच. तो कारखाना ठणठणीत आहे.

एका बेल्टवर दोन प्रकारचा माल घालू नका. प्लेट आणि स्क्रू एकाच बेल्टवरून असेंब्लरला दिले की आज चालतं. उद्या प्लेटची जागा भरते, पुढची प्लेट तोंडाशी अडते आणि तिच्या मागचा स्क्रू आत जाऊ शकत नाही. लाइन कायमची बंद.

स्क्रू

एका रॉडचे चार स्क्रू होतात. म्हणून लांबवर न्यायचे ते रॉड, स्क्रू नव्हेत. स्क्रूचा कन्स्ट्रक्टर असेंब्लरला खेटून लावा. तीस रॉड मार्क १ बेल्टवर आरामात जातात, त्यांच्याच १२० स्क्रूंना आख्खा मार्क २ लागतो. कोसळलेल्या यानातून हार्ड ड्राइव्ह मिळाली आणि तिच्यातून कास्ट स्क्रूची पर्यायी रेसिपी निघाली तर डोळे मिटून घ्या. ती १२.५ इंगटांतून थेट ५० स्क्रू देते. लोखंड तेवढंच लागतं, पण रॉडचे कन्स्ट्रक्टर सुटतात.

कोळशावर जाताना

पाला-लाकूड गोळा करून बर्नर भरण्यात कोणाला मजा येत असेल तर येवो. बाकीच्यांनी टियर ३ ला पोचताच कोळशाचे जनरेटर लावावेत. एक जनरेटर ७५ मेगावॉट देतो, मिनिटाला १५ कोळसा आणि ४५ घनमीटर पाणी घेतो. वॉटर एक्स्ट्रॅक्टर १२० घनमीटर काढतो. म्हणून सगळीकडे सांगतात: आठ जनरेटर, तीन एक्स्ट्रॅक्टर, ३६० पाणी, १२० कोळसा. गणित चोख आहे, पण मार्क १ पाइप मिनिटाला ३०० च घनमीटर नेतो हे सांगायचं राहून जातं. तिन्ही एक्स्ट्रॅक्टर एकाच टोकाने जोडलेत तर शेवटचे जनरेटर गचके खाणार. दोन एक्स्ट्रॅक्टर एका टोकाने आणि तिसरा दुसऱ्या टोकाने सोडा.

पाइप पूर्ण भरेपर्यंत जनरेटर चालू करू नका. आणि जुने बर्नर मोडू नका. एक्स्ट्रॅक्टर प्रत्येकी २० मेगावॉट खातात. फ्यूज उडाला की पंप बंद, पाणी बंद, म्हणून जनरेटर बंद, म्हणून पंप बंद. तीन एक्स्ट्रॅक्टरचे ६० आणि कोळशाच्या मायनरचे वर थोडे, एवढी वीज देतील असे तीन बर्नर भरून बाजूला ठेवा, म्हणजे गाडी परत ढकलता येईल. इकडे पावसाळ्यात खरी वीजही अशीच न सांगता जाते, तेव्हा सेटिंगमध्ये ऑटोसेव्हचं अंतर कमी करून घ्या.

पुढे स्टील येईल. फाउंड्री मिनिटाला ४५ लोखंडाचं खनिज आणि ४५ कोळसा घेऊन ४५ स्टील इंगट देते. तो कोळसा जनरेटरच्या बेल्टवरून काढायचा मोह होईल, कारण तो समोरच दिसतो. त्या १२० तला एकही तुकडा शिल्लक नाही. दुसरा नोड शोधा आणि स्टीलला स्वतंत्र बेल्ट द्या.