तीन वाचनं झाली, तरी कागद कोरा

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या तयारीचं पहिलं वर्ष मी ‘वाचनं’ मोजण्यात घालवलं. राज्यघटनेची तीन झाली, पानं पिवळी-गुलाबी झाली. मग सराव परीक्षेत प्रश्न आला: राष्ट्रपती राजवटीला संसदेची मंजुरी किती दिवसांत लागते? पान डोळ्यांसमोर होतं, गुलाबी पट्टा दिसत होता, आकडा तेवढा दिसेना. रूममेट म्हणाला, “तू वाचतोस कुठे? तू रंगवतोस.”

त्याच सुमारास ‘एसक्यूथ्रीआर’ ही अभ्यासाची पद्धत हाती लागली. ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली ती मांडली. आधी नजर फिरवायची, मग प्रश्न काढायचे, वाचायचं, न बघता सांगायचं आणि उजळणी करायची. नाव भारदस्त आहे, काम साधं.

राष्ट्रपती राजवटीच्या कलम ३५६ चंच घ्या. पाच मिनिटं नुसती शीर्षकं आणि तक्ते बघायचे. मग शीर्षकाचे प्रश्न करायचे: राजवट कोण लावतं? मंजुरी कधीपर्यंत? कमाल किती काळ? महाराष्ट्रात कधी लागली? आता वाचायचं ते उत्तरं शोधायला, हायलायटर बॅगेत ठेवून.

खरी परीक्षा पुस्तक मिटल्यावर. अभ्यासिकेत पुटपुटलं तरी शेजारचा मान वर करतो, म्हणून मी पाठकोऱ्या कागदावर लिहायचो. दोन महिन्यांत दोन्ही सभागृहांची मंजुरी, एका वेळी सहा महिने, कमाल तीन वर्षं. लिहिताना कळलं, माझा घोळ राष्ट्रीय आणीबाणीशी होत होता. तिथे मुदत एक महिना. आधी दोन होती, ४४ व्या घटनादुरुस्तीने ती कमी केली. तिन्ही वाचनांत हे डोळ्यांखालून गेलं होतं, पण अडखळलो कधीच नव्हतो. आणि महाराष्ट्र? १९८०, २०१४, २०१९. शेवटची १२ नोव्हेंबरला लागली नि २३ च्या पहाटे उठलीसुद्धा.

सुरुवातीला वेग मार खातो, हे आधीच सांगतो. दिवसाला चाळीस पानांवरून मी बारावर आलो. मित्रांची तिसरी रिव्हिजन चालू, माझं पहिलंच प्रकरण. पोटात गोळा यायचा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगाने तेव्हा धीर दिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर विचारलं तर स्वतःला आठवायला लावणारे. आपली परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

उजळणी दुसऱ्या दिवशी आणि मग रविवारी, तीही प्रश्नांवरूनच. अडेल तेवढंच पान उघडायचं. गणित-बुद्धिमत्तेला ही पद्धत लावू नका, तिथे उदाहरणं सोडवण्याला पर्याय नाही. रोजच्या वर्तमानपत्रालाही नको, दुपार होईल.

सुरुवात करायची तर सगळ्यात जास्त रंगवलेलं प्रकरण घ्या. ते न उघडता कोऱ्या कागदावर काय उतरतं बघा. माझ्या चार ओळी झाल्या होत्या, त्यातली एक चुकीची.